आठ आठवड्यांचा सजगता वर्ग: गंगापूर रोडवरील एका केंद्राचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका समुपदेशन केंद्रात जून आणि जुलै महिन्यांत झालेला सजगता (माइंडफुलनेस), म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे शांतपणे लक्ष देणे, शिकवणारा वर्ग मी पूर्ण केला. तो संपून तीन महिने लोटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण अशा वर्गाचा उपयोग शेवटच्या दिवसाच्या उत्साहात नीट कळत नाही. मी एका पतसंस्थेत कर्जवसुलीचे काम पाहतो आणि दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती धाकटा भाऊ सांभाळतो. दिवसा इतरांच्या थकबाकीचा आणि रात्री स्वतःच्या कर्जाचा विचार, असा क्रम दोन वर्षे चालला होता. पहाटे तीनला जाग येई, आम्लपित्त वाढले होते आणि घरातली माणसे माझ्याशी शब्द तोलून बोलू लागली होती. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी हा वर्ग सुचवला.

वर्गाचा आराखडा जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या कार्यक्रमावर बेतलेला आहे. आठवड्यातून एकदा अडीच तासांचे सत्र, शेवटाकडे एक पूर्ण दिवस मौनाचा आणि घरी रोज पाऊण तास सराव, असे त्याचे स्वरूप. इगतपुरीचे धम्मगिरी इतके जवळ असताना पैसे भरून वर्ग कशाला, असे मला अनेकांनी विचारले. तेथील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराविषयी मला आदर आहे आणि ते शुल्क न घेता केवळ दानावर चालते हेही खरे. परंतु सलग दहा दिवस घर आणि नोकरी सोडणे मला शक्य नव्हते. शिवाय मला रोजच्या कटकटींत राहूनच काही शिकायचे होते.

पहिल्या सत्रात प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवण्यात आला. तो पाहावा, बोटांनी चाचपावा, हुंगावा आणि मग अगदी सावकाश खावा, एवढीच सूचना होती. इतर मंडळी सुरकुत्या, गोडी, चिकटपणा यांविषयी बोलली. माझ्या मनात मात्र बेदाणा हाती येताक्षणी मार्चमधला अवकाळी पाऊस, तडकलेले मणी आणि कर्जाचा हप्ता उभा राहिला. छाती आवळली आणि चव कळलीच नाही. मी हे संकोचत सांगितले. मार्गदर्शक मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला धीर देण्याची घाई केली नाही. त्यांनी विचारले, ‘‘छाती आवळली ती बेदाण्याने की आठवणीने?’’ मग त्यांनी रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांची १९८४ मधील मांडणी समजावली. ताण केवळ घटनेत नसतो. त्या घटनेचा आपण काय अर्थ लावतो आणि तिला तोंड देण्याची आपली ताकद किती समजतो, यांवरही तो अवलंबून असतो. हे मी पूर्वी वाचले असते तर मान डोलावून सोडून दिले असते. तळहातावरच्या त्या एका बेदाण्याने ते मला पटवले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचे मोल त्या वीस मिनिटांत आहे.

बाईंची दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांचा प्रामाणिकपणा. प्रवेशापूर्वी त्यांनी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून पूर्वीचे आजार आणि चालू औषधे विचारली आणि मनोविकारतज्ज्ञांची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, असे बजावले. पहिल्या दिवशीच्या कागदावर टेलि-मानस या सरकारी साहाय्यसेवेचा १४४१६ हा क्रमांकही ठळक छापलेला होता. संशोधनाविषयी बोलताना त्यांनी २०१४ मधील एका मोठ्या आढाव्याचा दाखला दिला. त्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसे होती. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम उपयोग दिसला, पण व्यायामासारख्या इतर उपायांहून ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘‘तुम्ही सोमेश्वर मंदिरापर्यंत रोज चालत असाल तर ते सोडू नका,’’ असे त्या म्हणाल्या.

म्हणूनच केंद्राचे माहितीपत्रक मला खटकले. ‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदला’ असे वाक्य त्यावर आहे. जुन्या, लहान अभ्यासांत तसे आढळल्याचे सांगितले गेले होते हे खरे, परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक मोठ्या आणि काटेकोर अभ्यासात अशा आठ आठवड्यांच्या वर्गाने मेंदूच्या रचनेत फरक पडल्याचे दिसले नाही. मी विचारले तेव्हा बाईंनी ते मान्य केले. तरीही पत्रक अजून तेच वाटले जाते. आत इतके सचोटीचे काम चालत असताना दारावर असा दावा असू नये.

सरावासाठी दिलेल्या ध्वनिफितींची मराठीही सुधारायला हवी. ‘आपल्या खांद्यांना शिथिल होण्याची अनुमती द्या’ असे कोणी बोलत नाही. ‘खांदे सैल सोडा’ म्हटले की शरीर लगेच ऐकते. बाई समोर बसून सांगत तेव्हा त्यांची भाषा अशीच साधी असे आणि सराव आपोआप होई. घरी ध्वनिफीत लावली की माझे लक्ष श्वासाऐवजी वाक्यरचनेकडे जाई. रोजचा पाऊण तासही मला झेपला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तसे सांगितल्यावर त्यांनी वीस मिनिटांची मुभा दिली आणि ती मात्र मी आजवर पाळली आहे.

जाग अजूनही कधी कधी तीनला येते, परंतु आता मी हिशेब मांडत बसत नाही. पाय, पोटऱ्या, पाठ असे क्रमाने लक्ष फिरवत जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. जुलैच्या अखेरीस फवारणीचा खर्च वाढल्याचे सांगायला भावाचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदाच मध्ये न तोडता त्याचे पूर्ण ऐकून घेतले. तो किती थकला आहे हे मला त्या दिवशी कळले.

शुल्क एकरकमी भरावे लागते. हप्त्यांची सोय झाली तर शेतकरी कुटुंबांतील अनेकांना येता येईल. वर्ग संपल्यावर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुन्या सभासदांसाठी एकत्र बैठक होईल, असे सांगितले होते. ऑगस्टमध्ये ती झाली, नंतर झालेली नाही. ती पुन्हा सुरू करावी, अशी माझी केंद्राला विनंती आहे; ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत मला तिची सर्वाधिक गरज भासली.