मेट्रोलाइट सेवा: जुळे सोलापूरला कितपत मानवेल?

मेट्रोलाइट म्हणजे रस्त्याच्या पातळीवर टाकलेल्या रुळांवरून धावणारी हलकी मेट्रो. तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिचा थांबा. फलाट रस्त्यापासून जेमतेम ३०-३५ सेंटिमीटर उंच आणि गाडीची फरशी त्याच पातळीला. जिने नाहीत, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीही भाजीची पिशवी घेऊन सरळ आत जाऊ शकतात. जुळे सोलापूर, सैफुलसारख्या वाढत्या वसाहतींसाठी ही सोय वेगापेक्षा मोलाची आहे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये या सेवेचं मानक ठरवलं. तीन डब्यांच्या गाडीत साधारण ३०० माणसं मावतात. दर पाच मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला एका दिशेने ३,६०० प्रवासी जातात. ६० जणांच्या बसने तेवढेच न्यायचे म्हटलं तर मिनिटाला एक बस हवी. दुपारी दहा मिनिटांचं अंतर चालेल, पण ते वीसवर गेलं की लोक पुन्हा शेअर रिक्षा धरतील.

आता अडचणी. रुळांचा पट्टा स्वतंत्र नसेल तर सगळंच फसतं. एखादी रिक्षा आडवी उभी राहिली तर बस तिला चुकवून जाईल, रुळावरची गाडी जाऊ शकत नाही. दुहेरी मार्गाला सुमारे सात मीटर रुंदी लागते आणि ती कठड्याने वेगळी करावी लागते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरुमाचा पाया भरल्याशिवाय रुळांची पातळी टिकणार नाही. मार्ग आसरा पुलावरून न्यायचा असेल, तर आधी पुलाची भारक्षमता तपासावी.

एक बाब हमखास दुर्लक्षित राहते. रुळांतून परतणारा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) विद्युतप्रवाह जमिनीत झिरपला की शेजारचे लोखंडी पाइप कुरतडतो. शहराला टाकळीहून येणारं पाणी सोरेगावला, म्हणजे विजापूर रोडलगत शुद्ध होतं आणि त्याच बाजूने पाइपांतून शहरात येतं. पाण्यासाठी आधीच ताटकळणाऱ्या शहरात रुळांखाली इन्सुलेशनचा (वीज अडवणारा) थर हवाच, त्यात काटकसर नको.

आमचं मत: आसरा ते सात रस्ता, पुढे रेल्वे स्टेशन या टप्प्याला सेवा शोभेल. ती सुरू होईपर्यंत तोच पट्टा राखून त्यावर विजेच्या बस चालवाव्यात. मात्र सिद्धरामेश्वर यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक जिथून जाते, तिथे गाडीला वीज पुरवणारी वरची तार मुळीच नको. तारेची उंची साडेपाच मीटरच्या आसपास असते आणि नंदीध्वज त्याहून उंच. तेवढ्या अंतरापुरती बॅटरीवर धावणारी गाडीच घ्यावी. निविदेत ही अट पहिल्याच दिवशी लिहावी.