पार्टनर व्हिसाचे कागद: बेळगावच्या टिळकवाडीतली भाषांतर सेवा

ऑस्ट्रेलियाच्या ३०९ व्हिसासाठी (जोडीदाराचा तात्पुरता व्हिसा) इथलं भाषांतर पक्कं. विवाह नोंदणीचा कन्नड दाखला इंग्रजीत करताना भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन, पात्रता लिहितात. शिवाय मराठी शाळेच्या दाखल्यातलं नाव पासपोर्टाशी ताडून बघतात. सीमाभागात घोळ इथंच होतो.

सल्ला मात्र अपुरा. लग्नाच्या फोटोंवरच भर! एकत्रित पैसा, घर, समाजातली ओळख, बांधिलकी या चारही बाजूंचे पुरावे हवेत. नवरा तिकडे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असेल तर ३०९ चालतच नाही, त्याच्याच व्हिसात पत्नीला जोडावं लागतं. हे आधी विचारायलाच हवं. ३०९ वर नोकरी आणि मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्यसेवा) दोन्ही मिळतं, तेही सांगत नाहीत.