नरसंहार नाकारणाऱ्याला तुरुंगात टाकावं का? एक माणूस, तीन देश

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार, झालाच नाही, गॅस चेंबर ही थाप आहे, असं कुणी जाहीरपणे म्हणालं तर त्याला शिक्षा व्हावी का? जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स म्हणतात व्हावी. ब्रिटन आणि अमेरिकेत असा कायदाच नाही. बाजू ठरवायची असेल तर तत्त्वांपेक्षा डेव्हिड आयर्विंगचा माग काढणं जास्त उपयोगी पडतं. हा ब्रिटिश लेखक दोन्ही पद्धतींच्या कोर्टांत उभा राहिला.

१९९० साली म्युनिकमध्ये त्याने सांगितलं की आउशवित्झच्या नाझी छळछावणीत दाखवतात ते गॅस चेंबर नकली आहेत. जर्मन कोर्टाने दंड ठोठावला. होलोकॉस्ट नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा मात्र १९९४ मध्ये दंडसंहितेच्या कलम १३० मध्ये आला, कमाल शिक्षा पाच वर्षं. त्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने आयर्विंगच्याच एका नियोजित सभेच्या निमित्ताने भूमिका मांडली: खोटं असल्याचं सिद्ध झालेलं विधान म्हणजे मत नव्हे, त्यामुळे मतस्वातंत्र्याचं कवच त्याला मिळत नाही. तरी नुसतं नाकारणं पुरेसं नसतं. ते जाहीरपणे किंवा सभेत आणि सार्वजनिक शांतता बिघडेल अशा रीतीने झालेलं असावं लागतं.

ऑस्ट्रियाचा कायदा याहून कडक. १९८९ मधल्या भाषणांसाठी आयर्विंगला २००६ मध्ये तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली. वर्षभराने सुटला, तोवर जगभर बातमी त्याच्या खोटेपणाची नव्हती, त्याच्या तुरुंगवासाची होती.

आता लंडन पाहा. अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं, म्हणून त्यानेच त्यांच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात आपलं म्हणणं खरं आहे हे प्रतिवादीनेच सिद्ध करायचं असतं. बचावाच्या बाजूने इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी त्याच्या पुस्तकांच्या तळटीपा एकेक करून मूळ जर्मन कागदपत्रांशी ताडल्या. वास्तुइतिहासकार रॉबर्ट यान व्हान पेल्ट यांनी आउशवित्झच्या इमारतींचे नकाशे आणि पुरावे मांडले. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी तीनशेहून जास्त पानांच्या निकालात दावा फेटाळला: आयर्विंगने पुराव्यांची जाणूनबुजून मोडतोड केली. पुढे त्याचं दिवाळं निघालं. इतका सज्जड पुरावा म्युनिकच्या दंडातूनही निघाला नाही आणि व्हिएन्नाच्या कोठडीतूनही नाही. लिपस्टाट यांनी स्वतः ऑस्ट्रियातल्या त्याच्या कैदेला विरोध केला होता.

पण ब्रिटिश वाट फुकटची नाही. बचावाचा खर्च लाखो पौंडांच्या घरात गेला आणि मागे मोठा प्रकाशक उभा होता. छळछावणीतून वाचलेल्या एखाद्या आजीबाईंनी हे कुठून करायचं? ज्यांचं अख्खं घर त्या चिमणीतून धूर होऊन गेलं, त्यांना रोज रस्त्यावर ‘तुम्ही खोटं बोलता’ ऐकवू नये, हा जर्मन विचार मला पटतो. जर्मनीत तर पटतोच, कारण गुन्हा त्याच राज्ययंत्रणेने केला होता.

गोची होते ती कायदा पुढे ताणला की. फ्रान्सने १९९० च्या गेसो कायद्यात नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्युरेंबर्ग न्यायाधिकरणाने ठरवलेले गुन्हे धरले, तो टिकला. २०१२ मध्ये संसदेने आर्मेनियन नरसंहार (पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्की राजवटीत झालेला) नाकारणंही गुन्ह्यात ओढलं, तेव्हा तिथल्या घटना परिषदेने तो कायदाच रद्द केला. स्वित्झर्लंडने आर्मेनियन नरसंहाराला ‘आंतरराष्ट्रीय खोटं’ म्हणणारे तुर्की नेते पेरिंचेक यांना शिक्षा केली. २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी ती त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली.

रवांडात १९९४ मध्ये हुतू अतिरेक्यांनी केलेला तुत्सी समाजाचा नरसंहार निर्विवाद आहे. पण विरोधी नेत्या व्हिक्ट्वार इंगाबिरे २०१० मध्ये राजधानी किगालीतल्या नरसंहार स्मारकाजवळ हुतू बळींचीही आठवण ठेवा म्हणाल्या, आणि पुढे नरसंहार क्षुल्लक ठरवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. इतर आरोपांसह शिक्षा १५ वर्षांवर गेली. आफ्रिकन मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग मानला. तुर्कस्तानात तर उलटंच. आर्मेनियन नरसंहाराबद्दल बोलणारे पत्रकार ह्रांट डिंक यांना ‘तुर्कपणाचा अपमान’ केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि २००७ मध्ये त्यांचा खून झाला. इतिहास कायद्यात घालायची सवय लागली की कुठला इतिहास, हे सत्तेवर बसलेला ठरवतो.

म्हणून माझा कौल असा: गुन्हा जिथे घडला त्या देशात, न्यायालयात सिद्ध झालेल्या घटनेपुरता आणि चिथावणीची अट असलेला अरुंद कायदा चालेल. बाकी ठिकाणी, भारतातही, नव्या कायद्याची गरज मला दिसत नाही. गटागटांत वैर पेरणं आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहेच, आणि त्याचाही वापर जपूनच व्हायला हवा. उद्या कुणी नवा मसुदा आणलाच, तर शिक्षा किती वर्षांची हे नंतर वाचा. नरसंहार कशाला म्हणायचं हे न्यायालय ठरवणार की सभागृहातलं बहुमत, ती ओळ आधी शोधा.