कार्बन नाही ते इनऑर्गॅनिक, की धातू आहे ते इनऑर्गॅनिक?

पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आसपास चहा घेताना पीएचडीवाल्या मित्रांमध्ये इनऑर्गॅनिक केमिस्ट्री नेमकं कशाला म्हणायचं, हा वाद हमखास निघतो, आणि कटिंग संपतो पण वाद काही संपत नाही.

पहिली व्याख्या आपली बारावीचीच, कार्बन आला की ऑर्गॅनिक, बाकी सगळं इनऑर्गॅनिक. पाठ करायला सोपी, पण संशोधनात लगेच गोची. कार्बन डायऑक्साइड, खडू, सोडा यांना गुपचूप अपवाद करायचं, इथपर्यंत ठीक आहे हो, पण फेरोसीनचं काय? १९५१ मध्ये सापडलेलं हे संयुग, लोखंडाचा एकच अणू आणि कार्बन चक्क दहा, म्हणजे या हिशोबाने ऑर्गॅनिकच, पण त्याचं बॉन्डिंग, म्हणजे अणू एकमेकांना कसे जोडलेत ते, समजून घ्यायला लोखंडाची डी ऑर्बिटल्सच (त्याच्या इलेक्ट्रॉनच्या जागा) लागतात. अशा संयुगांवरच्या कामासाठी विल्किन्सन आणि फिशरना १९७३ चं नोबेल मिळालं. २०२५ चं नोबेल एमओएफला, म्हणजे मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्कला, तिथेही धातूचे सांधे आणि त्यांना जोडणारे ऑर्गॅनिक रेणू, मग ते कोणत्या डिपार्टमेंटचं म्हणायचं?

दुसरी व्याख्या, धातू असेल तर आपलं, म्हणजे इनऑर्गॅनिक. यात रक्तातलं हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी१२, कॅन्सरवरचं औषध सिसप्लॅटिन सगळे आले, छानच. पण मग डायबोरेन (बोरॉन आणि हायड्रोजनचं संयुग), अमोनिया, सल्फ्युरिक ॲसिड? धातू नाही म्हणून हाकलायचं का त्यांना?

मला विचाराल तर दुसरीच बरी, फक्त बोरॉन-फॉस्फरसवाल्यांनाही आत घ्या. फेरोसीन ऑर्गॅनिकवाल्यांना द्यायला मी तरी तयार नाही.