वर २४ व्होल्टचा छाप, आत १२ व्होल्टची कॉइल: रिले मोड्यूलमध्ये आमची झालेली फसवणूक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं कंट्रोल पॅनेल बनवायचं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं. तिथल्या मशीनमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि व्हॉल्व्ह किंवा कॉन्टॅक्टर यांच्या मधे रिले आउटपुट मोड्यूल बसतं. पीएलसी कमी करंटचा सिग्नल देतो, त्याने रिलेच्या आतली कॉइल कॉन्टॅक्ट ओढते आणि प्रत्यक्ष लोड रिले चालू-बंद करतो. याच मोड्यूलमध्ये एका व्यापाऱ्याने आम्हाला फसवलं. त्याने तसलाच माल इथे आणखी कुणाच्या गळ्यात मारला असेल असं मला वाटतं, म्हणून हे लिहितोय.

माणूस नमुना घेऊन दुकानात आला. बोलणं व्यवस्थित, तांत्रिक माहिती पक्की. सोळा रिलेचं मोड्यूल, रिले सॉकेटमध्ये बसणारे आणि नावाजलेल्या कंपनीचे. तो नमुना आम्ही बेंचवर लावून दिवसभर चालवला, आणि तो अस्सलच होता. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी होता, शंका यावी इतका नव्हे. मालाबरोबर जीएसटीचं बिल आलं, टेस्ट सर्टिफिकेटची प्रत आली. नमुना खरा द्यायचा आणि लॉट खोटा, अशी त्याची रीत होती.

महिना पुरा व्हायच्या आत एका फाउंड्रीतून फोन आला, तिथल्या कोअर शूटरबद्दल, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे कोअर बनवणाऱ्या मशीनबद्दल. "दादा, कोअर शूटरचा क्लॅम्प सुटंना झालाय, लगेच या." आम्ही गेलो तर मोड्यूलवरचा दिवा विझलेला, पण व्हॉल्व्हच्या वायरवर मीटर २४ व्होल्ट दाखवतोय! तो दिवा फक्त कॉइलला सप्लाय आहे की नाही एवढंच सांगतो, कॉन्टॅक्ट उघडला का हे त्याला कळत नाही. कॉन्टॅक्ट चिकटून बसला होता. ऑपरेटर मामांनी इमर्जन्सी बटण दाबलं आणि व्हॉल्व्ह सुटला, कारण त्या पॅनेलमध्ये ते बटण व्हॉल्व्हचा सप्लाय थेट तोडतं. तिथे इमर्जन्सी नुसती पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडलेली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. कोअर बॉक्सपाशी माणसाचा हात असतो.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं: "साहेब, तुमचा लोड इंडक्टिव्ह आहे. रिले चिकटणारच. वॉरंटीत बसत नाही." या उत्तराला बरेच जण गप्प बसतात, कारण त्यात अर्धं सत्य आहे. रिलेवर छापलेले अँपिअर हीटरसारख्या रेझिस्टिव्ह लोडचे असतात. व्हॉल्व्हचा सोलेनॉइड आणि कॉन्टॅक्टरची कॉइल अशा इंडक्टिव्ह लोडसाठी डेटाशीटमध्ये एसी-१५ आणि डीसी-१३ हे वेगळे आकडे बघायचे, आणि ते बरेच कमी असतात. पण आमचा व्हॉल्व्ह होता २४ व्होल्ट डीसी, ५ वॅटच्या आसपास. म्हणजे करंट जेमतेम ०.२ अँपिअर, वर उलट्या व्होल्टेजसाठी डायोड लावलेला. असा लोड ८ अँपिअरच्या रिलेचा कॉन्टॅक्ट महिन्याभरात चिकटवत नाही. हा हिशोब सांगितल्यावर त्याने फोन ठेवला.

मग सगळे रिले सॉकेटमधून उपसून टेबलावर मांडले. सॉकेटमध्ये बसणाऱ्या नव्या रिलेच्या पिना सपाट, एकसारख्या असतात. यातल्या निम्म्याहून जास्त पिनांवर जुन्या सोल्डरच्या गाठी होत्या, काहींची टोकं कापलेली. जुन्या बोर्डांवरून काढलेला माल होता तो. थिनरच्या फडक्याने छपाई पुसली गेली. एवढ्यावरून माल खोटा म्हणता येत नाही, चांगल्या कंपन्याही शाईने छापतात. पण खाली पुसट जुना छाप दिसला आणि त्यात १२ व्होल्ट लिहिलं होतं! मीटर लावला. या जातीच्या रिलेची २४ व्होल्टची कॉइल सुमारे १४४० ओहम दाखवते. काही रिले तेवढं दाखवत होते, काही ३६० च्या आसपास. ३६० म्हणजे १२ व्होल्टची कॉइल. तिला २४ दिले की ०.४ वॅटऐवजी १.६ वॅट खर्च होतात, आणि ती चौपट उष्णता त्या बंद डबीत कोंडते. काही डब्या करपल्यासारख्या का झाल्या होत्या ते तेव्हा कळलं. चिकटलेला रिले फोडला तर कॉन्टॅक्टवरची चांदी झिजून खालचं तांबं उघडं पडलेलं. कुठल्या तरी मशीनमध्ये आयुष्य काढून तो आमच्याकडे आला होता.

दुसरा फटका नंतर बसला. बिल आमच्या २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, आलंच नाही. पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही गेलं. पोलिसांत तक्रार अर्ज दिलाय, बिल आणि मोड्यूल जपून ठेवलेत. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची दाद ग्राहक आयोगाकडे सहसा लागत नाही, त्यामुळे तो रस्ता आम्हाला जवळजवळ बंद आहे. ज्या पॅनेलमध्ये हा माल बसला होता तिथले सगळे रिले आम्ही स्वखर्चाने बदलले.

आता आमच्याकडे डबा आला की नमुन्याचं कौतुक ऐकत नाही. आलेल्या लॉटमधूनच, आणि तेही डब्याच्या तळातून, रिले उचलायचे. पिना भिंगाखाली बघायच्या, प्रत्येकाची कॉइल मोजायची, एक रिले फोडून बघायचा. एक रिले वाया जातो, जाऊ दे. जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून बघायचा, ते फुकट बघता येतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द हे लगेच कळतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठेही असा, अलीकडे दारावर आलेल्या माणसाकडून सॉकेटवाली रिले मोड्यूल घेतली असतील तर मशीन बंद करा, मेन सप्लाय तोडा, रिले बाहेर काढा आणि कॉइलवर मीटर लावा. वर २४ छापलंय आणि मीटर ३६० दाखवतोय, तर ते मशीन त्या रिलेवर पुन्हा चालू करू नका. बिलाचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. आमच्या अर्जाबरोबर तुमचाही गेला तर पोलिसांना पुढे सरकायला आधार मिळेल.