ब्राँझ कोरिडोरास: तिन्ही ऋतू सांभाळल्यानंतरचा अनुभव

मत्स्यालयाच्या दुकानांत कोरिडोरास हा मासा बहुतेक वेळा ‘तळ साफ करणारा’ म्हणून विकला जातो, आणि तो अकाली मरण्यामागे ही ओळखच सर्वांत जास्त कारणीभूत असते, असे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा पार पडल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. पुण्यातील घरात तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या, म्हणजे साधारण १३० लिटरच्या टाकीत मी ब्राँझ कोरिडोरासचा आठ माशांचा गट ठेवला आहे. वरच्या थरात निऑन टेट्रा न ठेवता उष्णता अधिक सोसणारे रासबोरा आहेत, एका कोपऱ्यात स्पंज फिल्टर आहे आणि दुसऱ्या बाजूला टांगता फिल्टर. पुढील मजकूर प्रामुख्याने या गटाविषयी असला तरी खरेदीपूर्वी इतर जातींचा जो विचार करावा लागला तोही त्यात आला आहे, कारण नेमकी जात ओळखणे हाच या माशाच्या आरोग्याचा पहिला भाग आहे.

कोरिडोरास हा दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याचा कॅटफिश आहे. त्याच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात. दोन्ही कुशींवर हाडासारख्या टणक पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा एकमेकींवर बसलेल्या असतात. पोट सपाट, तोंड खाली वळलेले आणि तोंडाभोवती आखूड मिशा. बाजारात ‘सकर’ किंवा ‘क्रोकोडाइल’ नावाने मिळणारा मासा अगदी वेगळा असून त्याचे तोंड काचेला चिकटणाऱ्या चकतीसारखे असते, तो फूटभराहून मोठा होतो, आणि कंटाळलेल्या हौशी लोकांनी नद्या-तलावांत सोडून दिल्यामुळे देशातील अनेक जलाशयांत तो उपद्रवी ठरला आहे. कोरिडोरासची ब्राँझ जात सहा-सात सेंटिमीटरवर थांबते. काचेवरील शेवाळ तो खात नाही, त्यामुळे शेवाळाच्या तक्रारीवर उपाय म्हणून तो कोणी सुचवत असेल तर विक्रेत्याला माशाची माहिती नाही असे समजावे.

जातींच्या बाबतीत आपल्याकडील दुकानांत बराच गोंधळ आढळतो. सर्वांत सहज मिळतो तो ब्राँझ आणि त्याचाच फिकट, गुलाबी डोळ्यांचा अल्बिनो प्रकार. ब्राँझची कुस तपकिरी-हिरवट चमकते आणि डोक्याच्या मागे, पाठीवरच्या परासमोर तांबूस-सोनेरी छटा दिसते. एमराल्ड कॅटफिश दुरून तसाच भासतो, परंतु तो आकाराने थोराड असतो आणि त्याच्या पाठीवरच्या परात मऊ काड्या दहा किंवा अधिक असतात, तर ब्राँझमध्ये त्या सात-आठच असतात. पेपर्ड जातीच्या अंगावर गडद डाग विखुरलेले असतात. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत या जातीचे नमुने गोळा केले होते आणि लेनर्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पांडा जात डोळ्यांवरील काळ्या पट्ट्यामुळे आणि शेपटीजवळच्या काळ्या ठिपक्यामुळे चटकन ओळखू येते. स्टर्बाईच्या गडद डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि छातीच्या परांचे काटे नारिंगी असतात.

‘जुली’ या नावाखाली मिळणारे मासे मात्र जवळजवळ नेहमीच ट्रायलिनिएटस जातीचे असतात. खऱ्या जुलीच्या डोक्यावर सुटे, एकमेकांपासून वेगळे ठिपके असतात, तर ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर ते एकमेकांना जोडले जाऊन वळवळीत रेघांची जाळी तयार होते, शिवाय कुशीवरचा काळा नागमोडी पट्टा अधिक ठळक असतो. दोन्ही मासे पाळायला सारखेच सोपे असल्यामुळे यात मोठे नुकसान होत नाही, फक्त ‘जुली’ म्हणून जादा पैसे देऊ नयेत एवढेच. शास्त्रीय नावांबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: २०२४ मधील पुनर्वर्गीकरणात कोरिडोरासच्या उपकुळाची सात प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) विभागणी झाली आणि अनेक ओळखीचे मासे मूळ कोरिडोरास प्रजातीतून बाहेर गेले. त्यानुसार ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टर एनिया आणि पेपर्ड हॉप्लिसोमा पॅलिएटम झाला आहे. दुकानांतील पाट्या बदलायला बराच काळ लागेल, तोवर जुनी आणि नवी दोन्ही नावे माहीत असलेली बरी.

अल्बिनो माशांना कृत्रिम रंग देऊन ते निळे, गुलाबी किंवा हिरवे करूनही विकले जातात. हा रंग काही महिन्यांत फिका पडतो आणि देताना माशाला इजा होते. असे मासे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, कारण ते विकले जातात म्हणूनच रंगवले जातात.

आता ओळखीचा आरोग्याशी असलेला संबंध. पेपर्ड ही दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनाकडील जात. तिथे हिवाळा खराखुरा थंड असतो आणि १८ ते २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ती उत्तम राहते. पांडा पेरूमधील, अँडीजकडून येणाऱ्या तुलनेने थंड प्रवाहांची जात असल्यामुळे तिलाही २५ अंशांपुढचे पाणी दीर्घकाळ मानवत नाही. याउलट ब्राझील-बोलिव्हिया सीमेवरच्या ग्वापोरे खोऱ्यातील स्टर्बाई २८ अंशांपर्यंत आरामात राहतो. ब्राँझ या दोहोंच्या मध्ये असला तरी त्रिनिदादपासून दक्षिणेकडे फार मोठ्या प्रदेशात पसरलेला असल्यामुळे चढउतार बऱ्यापैकी सोसतो. पुण्यात एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या टाकीचे पाणी दुपारी ३० अंशांवर गेले होते. विदर्भात किंवा मराठवाड्यात ते याहूनही वर जाणार. म्हणून वातानुकूलित खोली किंवा चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) नसलेल्या घरात पेपर्ड आणि पांडा घेऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. दुकानात डिसेंबरमध्ये ते कितीही टवटवीत दिसले तरी प्रश्न मे महिन्याचा असतो.

ब्राँझसाठीही उन्हाळ्यात काही व्यवस्था करावी लागली. टाकीचे काचेचे झाकण काढून जाळी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावला. बाष्पीभवनामुळे तापमान दोन ते तीन अंशांनी खाली आले, मात्र पाणी रोज कमी होत असल्यामुळे भर घालत राहावी लागली. कोरड्या हवेच्या पुण्यात ही युक्ती चांगली चालते. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद असल्यामुळे तिचा उपयोग बराच कमी होतो आणि तिथे स्टर्बाई हीच शहाणपणाची निवड ठरेल. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात. त्यामुळे दिवसा बंद ठेवला जाणारा एअरपंप उन्हाळ्यात चोवीस तास चालू ठेवला, आणि वीज गेल्यास उपयोगी पडेल असा बॅटरीवरचा पंप घरात आणून ठेवला.

कोरिडोरास अधूनमधून सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने तळाशी जातो. पहिल्या आठवड्यात घरातील सर्वांना याची काळजी वाटली, परंतु हे त्याचे स्वाभाविक वर्तन आहे. गिळलेल्या हवेतील प्राणवायू तो आतड्याच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मागच्या भागातून शोषून घेतो. एरवी मी या घोटांकडे लक्ष देत नाही. मात्र सगळा गट पाठोपाठ वर येऊ लागला, तर तापमान आणि पाण्यातील अमोनिया व नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारी विषारी द्रव्ये) लगेच तपासतो. या सवयीमुळे पाण्याची पातळी आणि झाकण यांच्यात हवेची मोकळी जागा हवी, आणि तरंगत्या वनस्पतींनी संपूर्ण पृष्ठभाग झाकलेला नसावा.

तळाच्या बाबतीत मी सर्वांत जास्त आग्रही आहे. हा मासा वाळूत तोंड खुपसतो, घास घेतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. रंगीत खडीवर त्याला हे करताच येत नाही. अन्नाचे कण खडीच्या फटींत अडकून कुजतात, तिथे जिवाणू वाढतात आणि मिशा झिजू लागतात. मिशा झिजण्याचा दोष बरेच जण केवळ धारदार खडीला देतात, पण माझ्या मते घाणीचा वाटा मोठा असतो, कारण अस्वच्छ ठेवलेल्या बारीक वाळूतही मिशा जातात. बांधकामावरची क्रश सँड मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ती दगड फोडून केलेली असल्यामुळे तिचे कण टोकदार असतात, आणि हल्ली नदीची वाळू म्हणून तीच हातात पडण्याची शक्यता असते. मी पाणी शुद्धीकरणासाठी विकली जाणारी गोलसर कणांची सिलिका वाळू घेतली, निवळ पाणी येईपर्यंत धुतली आणि सुमारे दीड इंचाचा थर दिला. याहून जाड थरात प्राणवायूविरहित कप्पे तयार होतात. दर आठवड्याला पाणी बदलताना सायफनची नळी वाळूच्या किंचित वर फिरवली की घाण उचलली जाते आणि वाळू जागेवर राहते. अशा तळावर माझ्या सगळ्या माशांच्या मिशा अजून पूर्ण लांबीच्या आहेत.

खाद्याविषयी दुकानदार सांगतात की वरच्या माशांचे उरलेले खाऊन कोरिडोरासचे भागते. भागत नाही. तरंगते फ्लेक्स वरचे मासे संपवतात आणि तळाशी पोहोचते ती विष्ठा, जी कोरिडोरास खात नाही. त्याला स्वतःसाठी बुडणारे खाद्य लागते. मी संध्याकाळी दिवे मालवल्यानंतर बुडणाऱ्या गोळ्या देतो आणि आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल रंगाच्या बारीक अळ्या. जिवंत ट्युबिफेक्स पाहून हे मासे अक्षरशः वेडे होतात, परंतु ते अळीवजा कृमी बहुधा गटाराच्या गाळातून आलेले असतात आणि त्यांच्यासोबत रोग येण्याचा धोका खरा आहे, म्हणून मी ते टाळतो. पोट किंचित गोल दिसणे हे पुरेशा आहाराचे लक्षण. डोळ्यांमागचा भाग खोल गेलेला आणि पोट आत ओढलेले असेल तर असा मासा दुकानातच ठेवावा.

आणताना आणि पकडताना त्याचे काटे लक्षात ठेवावे लागतात. पाठीवरच्या आणि छातीच्या परांतील पहिला काटा तो ताठ करून अडकवून ठेवतो, त्यामुळे जाळीत गुंतला की सोडवताना इजा होते. प्लास्टिकच्या पेल्यात घेणे अधिक चांगले. घाबरलेला कोरिडोरास छातीच्या काट्याजवळील ग्रंथींतून विषारी स्राव सोडू शकतो आणि पिशवीतल्या थोड्या पाण्यात तो स्वतःलाच बाधतो. पिशवीत पाणी फेसाळलेले दिसले तर मासे तातडीने स्वच्छ पाण्यात हलवावे आणि पिशवीतील पाणी टाकीत मुळीच ओतू नये. नव्या माशांना मी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले. याच काळात पोटावर लाल चट्टे उमटण्याचा त्रास दिसून येतो आणि तो बहुतेकदा प्रवासातील ताण आणि अशुद्ध पाणी यांतून होतो. लवकर लक्षात आल्यास स्वच्छ पाण्याचे वारंवार, थोडे थोडे बदल हा पहिला उपाय. औषधे जपून द्यावीत. मॅलेकाइट ग्रीन (बुरशी आणि परजीवींवरचे औषध) असलेली द्रव्ये मी अर्ध्या मात्रेने सुरू करतो, तांब्याची संयुगे वापरत नाही, आणि इतर माशांना सर्रास दिले जाणारे मीठ यांच्या टाकीत टाकत नाही.

पाण्याच्या बाबतीत फार नखरे नाहीत. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असल्यामुळे अँटिक्लोरीन घालावेच लागते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० ते ३० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) आत आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, एवढ्यावर गट उत्तम आहे. टाकी आधी चार ते सहा आठवडे चालवून तिच्यातील अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणू वाढू देणे मात्र अपरिहार्य.

अनपेक्षित आनंद मिळाला तो जूनच्या अखेरीस. पावसामुळे नळाचे पाणी टाकीपेक्षा चार अंशांनी थंड येत होते, आणि अशाच एका पाणी बदलानंतर दुसऱ्या सकाळी मासे काचेवर खालीवर धावू लागले. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून इंग्रजी टी अक्षरासारखी स्थिती घेते, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत थोडी अंडी धरते आणि जागा निवडून ती काचेला चिकटवते. वरून पाहिल्यास मादी रुंद आणि नर सडपातळ दिसतो, त्यामुळे जोड्या ओळखायला अडचण आली नाही. काही अंडी बोटाने अलगद सोडवून बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लूच्या फिकट द्रावणात ठेवली. चौथ्या दिवशी पिल्ले बाहेर आली आणि पिवळा बलक संपल्यावर अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातील अतिसूक्ष्म कोळंबीसारखे जीव) वाढली. टाकीतच राहिलेली अंडी मोठ्या माशांनी संपवली.

गैरसोयीही नोंदवायला हव्यात. पुढच्या बाजूला लावलेल्या कोवळ्या वनस्पती हे मासे उखडून टाकतात. दगडाला किंवा लाकडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न तेवढे टिकतात. गट सहापेक्षा लहान असेल तर ते दिवसभर लपून राहतात, आणि जाती मिसळून सहा भरण्यापेक्षा एकाच जातीचे सहा घेणे चांगले, कारण प्रत्येक जात बहुधा स्वतःच्याच सोबत्यांत वावरते. दोन फुटांच्या उंच, अरुंद टाकीत तळाचे क्षेत्रफळ अपुरे पडते, म्हणून तशी टाकी असणाऱ्यांनी हे मासे घेऊ नयेत. उडालेली वाळू टांगत्या फिल्टरच्या पंख्यात जाऊन आवाज करू लागते. नळीच्या तोंडाला स्पंज बसवल्यावर आणि ते तोंड वाळूपासून चार इंच वर घेतल्यावर हा त्रास थांबला.