बेरिएट्रिकच्या (वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या) आधी सायकॉलॉजिस्टचं सेशन, टाळू नका
ताईची स्लीव्ह सर्जरी (जठर लहान करायचं ऑपरेशन) ठरली तेव्हा पुण्यातल्या हॉस्पिटलने आधी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आईला वाटलं डोकं तपासतायत की काय, पण तसं अजिबात नाहीये. मॅडमनी निवांत बोलून घेतलं, रात्री उठून खातेस का, टेन्शन आलं की खाणं वाढतं का, आधीची डाएट का सुटली, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का सगळं विचारलं आणि डिप्रेशन तपासायचा पीएचक्यू-९ चा फॉर्म पण भरून घेतला. दारूचं अगदी स्पष्ट विचारतात आणि ते बरोबरच आहे, कारण ऑपरेशननंतर, विशेषतः गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हृदयाची नव्हे, पोटाची), दारू पटकन चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे आधी कोणी बोललंच नव्हतं. ताईला बिंज इटिंगचा (ताबा सुटून एकदम खूप खाण्याचा) त्रास निघाला तर नापास वगैरे नाही केलं, आधी थेरपी घे मग ऑपरेशन म्हणाल्या, मला हे फार पटलं. दाजींनाही आत बोलावलं, कारण व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या म्हणजे घरच्यांची साथ लागतेच ना. वेटिंग मात्र भयंकर, अपॉइंटमेंट असून ताटकळलो आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत, तेवढा मराठीत द्याच प्लीज. ५ पैकी ४ स्टार.